अडीच वर्षांचे सहा महिने

डॉक्टर फ्रीझन टेपवर बोलायच्या आधी नेहमी घसा खाकरत. त्या सोमवारीही खाकरले आणि म्हणाले, "अठ्ठावन्न वर्षांचा पुरुष, बस डेपोत मेकॅनिक," आणि नेटी हॅवरिलकच्या बोटांनी ते टाईप करून टाकलं. कानातून शब्द आत यायचा आणि तिला न विचारता बोटांतून निघून जायचा. एकोणीस वर्षं असंच चाललं होतं, आणि तिच्या कामाची जी काही ख्याती होती ती यामुळेच होती. दोन्ही हात अनाडी झाल्याची तक्रार. शर्टाची बटणं लागत नाहीत. हातातून वस्तू पडतात. चालताना तोल जातो, विशेषतः अंधारात. डॉक्टर फ्रीझन रुग्णाचं नाव कधीच सुरुवातीला सांगत नसत. मधेच कुठेतरी आठवल्यासारखं सांगत, आणि त्यावरून इस्पितळाच्या तळघरातल्या टायपिंगच्या खोलीतल्या बायका त्यांना यथेच्छ शिव्या देत. "नाव हॅवरिलक, ऑरेस्ट," ते म्हणाले. "हो, आपल्या नेटीचेच यजमान. हे लिहू नका." नेटीचा पाय टेप चालवायच्या टेबलाखालच्या पट्टीवरून उचलला गेला. टेप थांबली. आजूबाजूला सहा यंत्रं खडखडत होती आणि तळघराच्या छताजवळून जाणाऱ्या वाफेच्या पाइपातून नेहमीसारखे ठोके येत होते. तिनं पट्टीवर पुन्हा पाय ठेवला.

"लक्षणांचा कालावधी," डॉक्टर म्हणाले, "रुग्ण स्वतः अडीच वर्षं सांगतो. परंतु त्याच्या सांगण्यात मेळ नाही, आणि पूर्वी मद्याचं व्यसन होतं. पत्नी वैद्यकीय कामात आहे. तिच्या स्पष्ट आणि विश्वासार्ह माहितीनुसार कालावधी सहा महिने. तोच ग्राह्य धरला आहे."

तिनं टाचेनं टेप मागे घेतली आणि पुन्हा ऐकलं. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी तिला 'ग्राह्य' या शब्दाआधीचा कागद उलटल्याचा आवाजही ऐकू आला.

म्हणजे ऑरेस्टनं सांगितलं होतं. ती फॉर्म भरायला बाहेरच्या खिडकीशी गेली, त्या सात-आठ मिनिटांत त्यानं डॉक्टरांना खरं ते सांगितलं होतं. आणि डॉक्टरांनी त्याच्याकडे, त्याच्या नाकावरच्या फुटलेल्या लाल शिरांकडे बघून ठरवलं होतं की या माणसाला काही आठवत नाही. "बरा वाटला डॉक्टर," एवढंच तो घरी येताना गाडीत म्हणाला होता.

खोलीचे दोन नियम होते. पहिला, ऐकू येईल तेच टाईप करायचं. डॉक्टर चुकला असं वाटलं तरी चूक त्याची, बोटं तुमची. दुसरा, नात्यातल्या माणसाची टेप आली तर ती न ऐकता दुसरीकडे द्यायची. शेजारच्या टेबलावर बर्निस होती. बर्निसला टेप दिली असती तर बर्निसनं ऐकली असती, आणि बर्निसला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात याच खोलीत कॉफी पिताना नेटी तिला म्हणाली होती, "ऑरेस्ट परत प्यायला लागलाय बहुतेक. काल बशी फोडली. सकाळी शर्टाची बटणं खाली-वर." बर्निसनं तिचा हात दाबला होता. तेव्हा आता नेटीनं पहिला नियम पाळला, दुसरा मोडला. कालावधी सहा महिने, असं तिनं टाईप केलं. कागदाच्या तळाशी डाव्या कोपऱ्यात पद्धतीप्रमाणे डॉक्टरांची आद्याक्षरं, तिरकी रेघ, आणि मग लहान अक्षरांत स्वतःची.

शब्दांशी तिचं नातं पहिल्यापासून असं होतं. कॅनडातल्या डॉफिनजवळच्या शेतावरून ती विनिपेगला आली तेव्हा तिला धड इंग्रजीही बोलता येत नसे, आणि आज मेंदू आणि मणक्यांच्या विभागातला एकही शब्द असा नव्हता की जो तिला लिहिता येत नाही. सिरिंगोमायेलिया. ग्लायोब्लास्टोमा. हायड्रोसेफॅलस. नवे डॉक्टर जिन्यातून खाली येऊन तिला स्पेलिंग विचारून जात. सुरुवातीला तिनं नुसता आवाज धरला; मग जाड कोशातून एकेक तुकडा सोडवत गेली. स्पॉन्डिलो म्हणजे मणका. एन्सेफॅलो म्हणजे मेंदू. शेवटी 'आयटिस' असेल तर दाह, 'ओमा' असेल तर गाठ, 'पथी' असेल तर नुसतं दुखणं, ज्याचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. हे तुकडे जोडताना तिला एक स्वच्छ आनंद होई, बरण्या धुऊन उन्हात उपड्या घातल्यावर होतो तसा. लग्नाकार्यात, चर्चच्या जेवणात बायका तिच्याजवळ येऊन पर्समधून डॉक्टरांच्या चिठ्ठ्या काढत. "नेटी, हे बघ गं काय लिहिलंय." ती चष्मा चढवून वाची, आणि त्या बायका तिच्या तोंडाकडे बघत राहत. तेव्हा तिला वाटे, शेतावरून आले ते वाया नाही गेलं. आणि त्या शब्दांच्या पलीकडे कुणाचे तरी हात असतात, ते चहाचा कप धरतात आणि त्यांना तो धरवत नाही, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. पण ती सगळी टेपवरची माणसं होती. चौपन्न वर्षांची स्त्री. एकाहत्तर वर्षांचा शेतकरी. ती घरी नसत.

'सुरुवात चोरपावलांची' हे वाक्य तिनं किती वेळा टाईप केलं असेल? हजार? रुग्णाला वा कुटुंबीयांना नेमकी तारीख सांगता येत नाही. हे वाक्य टाईप करून ती सहा नंबरच्या बसनं घरी जाई, आणि स्वयंपाकघरात ऑरेस्ट काट्यानं बटाट्याशी झटत असे, आणि काटा ताटावर वाजे, आणि तिच्या कपाळात कळ उठे. "तोंड इकडे कर," ती म्हणे. तो तोंड करी. ती वास घेई. वास कधीच आला नाही. मग ती ठरवी की याला वास न येणारी काहीतरी मिळतेय. तिनं गॅरेजमधले रंगाचे डबे हुंगले, डिकीतल्या स्पेअर टायरखाली हात घातला. अकरा वर्षं त्यानं थेंबाला शिवलं नव्हतं. पण त्याआधीची नऊ वर्षं तिनं काढलेली होती, आणि ती नऊ वर्षं तिच्या अंगात अजून जागी होती. दाराशी पाऊल अडखळलं की तिला दुसरा अर्थच सुचत नसे.

"नाही प्यालो गं," तो म्हणे. "आईशपथ."

"मग हात का कापतात?"

"कापत नाहीत. ऐकत नाहीत."

"हातांना कान असतात होय?"

एकदा डेपोत त्याच्या हातून पाना निसटून खालच्या पोराच्या खांद्यावर पडला, तेव्हा साहेबानंही तेच विचारलं. त्या आठवड्यात नेटी म्हणाली की एक तर पुन्हा दारू सोडणाऱ्यांच्या सभांना जायला लाग नाहीतर मी स्टेफीकडे राहायला जाते. स्टेफी म्हणजे त्याचीच बहीण. आणि ऑरेस्ट गेला. चर्चच्या तळघरात, जिथं तो अकरा वर्षांपूर्वी गेला होता तिथंच, त्यानं उभं राहून सांगितलं की माझा पाय घसरला, मी पुन्हा प्यालो. न पिता काढलेल्या अकरा वर्षांचा बिल्ला परत केला आणि पहिल्या दिवसाचा घेतला. घरी येऊन त्यानं तो तिला दाखवला. ती म्हणाली, "शाबास." त्या रात्री तिला गाढ झोप लागली होती. न प्यालेला माणूस प्यालो म्हणून कबूल करतो, का, तर घरात शांतता असावी म्हणून, हे तिच्या मनात तेव्हा आलंही नव्हतं. ते आलं फार नंतर, पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरात तो बसथांब्यावर नुसत्या ओल्या पानांवरून पडला आणि तातडीच्या विभागातल्या एका पोरगेल्या डॉक्टरणीनं त्याच्या गुडघ्याखाली छोटी हातोडी मारली, तेव्हा. पाय उंदराच्या सापळ्यासारखा वर उसळला. पोरगी तिच्याकडे वळून म्हणाली, "हे किती दिवस चाललंय?" आणि एका क्षणात, डॉक्टरणीनं पुढचं काही म्हणायच्या आत, नेटीला निदान ठाऊक झालं. मानेच्या मणक्यांची झीज, त्यामुळे मज्जारज्जूवर दाब. सर्व्हायकल स्पॉन्डिलॉटिक मायलोपथी. तिला ते न अडखळता लिहिता आलं असतं. हात अनाडी, बटणं लागत नाहीत, तोल जातो, सुरुवात चोरपावलांची. ती टाईप करत आली ते हे. घरी, तिच्या टेबलाशी बसून, ते अडीच वर्षं बटाटे खात होतं.

"सहा महिने," ती म्हणाली होती. त्या पोरीला म्हणाली, आणि तीन आठवड्यांनी डॉक्टर फ्रीझनना म्हणाली. पहिल्यांदा ते तोंडातून निसटलं; दुसऱ्यांदा तिनं ते म्हटलं. एकोणीस वर्षं ज्यांच्या विभागाचं काम केलं त्या माणसासमोर बसून, मला दिसलं नाही, मी त्याचं तोंड हुंगत होते, असं तिला सांगता येणार नव्हतं.

ऑपरेशनच्या आदल्या रविवारी स्टेफी जेवायला आली. कोबीच्या पानांतले भाताचे गुंडाळे तिनंच करून आणले होते. ताट वाढता वाढता तिचे डोळे भरून आले.

"मायलो म्हणजे ते हाडांतलं ना गं? आमच्या शेजारचा वॉल्टर त्यातच गेला. मायलोमा."

"ते वेगळं, बाई," नेटी म्हणाली. "त्या जुन्या ग्रीक लोकांनी हाडातल्या मज्जेला आणि पाठीतल्या दोरीला एकच शब्द वापरून ठेवलाय. वॉल्टरचं हाडातलं. हे दोरीचं. आणि शेवटी ओमा नाही, पथी आहे. गाठ नाही ही."

"म्हणजे कॅन्सर नाही?"

"नाही."

"देवा तुझे उपकार. मग आहे काय?"

नेटीनं आवाज खाली आणला. समजावून सांगताना तिचा आवाज आपोआप खाली येई. "बागेतली रबरी नळी असते ना पाण्याची, तिच्यावर कुणी पाय देऊन उभं राहिलं तर पुढं पाणी येत नाही. तसं. मानेतली हाडं वाढून दोरीवर पाय देऊन उभी आहेत. ती बाजूला करायची."

ऑरेस्ट चमच्यानं खात होता; काटा त्यानं सोडून दिला होता. तो म्हणाला, "मग पाय काढला की पाणी येतं?"

स्टेफीनंही तिच्याकडे पाहिलं. नेटीला उत्तर माहीत होतं. ते तिनं पाठ म्हणून दाखवलं असतं, कारण प्रत्येक पत्राच्या शेवटच्या परिच्छेदात ते असे: सुधारणा ही प्रामुख्यानं दाब किती काळ होता यावर अवलंबून. सहा महिन्यांत पाय काढला तर पाणी येतं, बरंचसं. अडीच वर्षांनी काढला तर आहे ते राहतं, एवढंच. नळी आतून मेलेली असते.

"येतं," ती म्हणाली.

"डॉक्टरही तेच म्हणाला," ऑरेस्ट म्हणाला. "वसंतात परत हातात पाना धराल, म्हणाला." आणि त्यानं आणखी एक गुंडाळा मागितला.

भांडी धुताना तिला वाटलं, आता सांगावं. नळाचं पाणी सोडून ती उभी राहिली. अजून चार दिवस होते. पण ऑपरेशन तर करायलाच हवं होतं. न केलं तर तो वर्षाभरात खुर्चीला खिळला असता. आकडा बदलून ऑपरेशन बदलणार नव्हतं. बदलणार होता फक्त त्याचा चेहरा, आणि डॉक्टरांचा, आणि बर्निसचा. असं तिनं स्वतःशी मांडलं आणि ते तिला पटलं. तिचा हिशेब नेहमीच नीटनेटका असे.

ऑपरेशन छान झालं. सगळे तसंच म्हणाले. मानेला पट्टा घालून तो घरी आला आणि तिसऱ्या आठवड्यापासून हातांच्या व्यायामाला लागला. इस्पितळातल्या मुलीनं सांगितलं होतं की वाळलेले वाटाणे एका वाडग्यातून दुसऱ्या वाडग्यात टाकायचे, एकेक, अंगठा आणि तर्जनीनं. नेटी कामावरून येई तेव्हा तो टेबलाशी असे. जमिनीवर वाटाणे सांडलेले असत. ती वाकून गोळा करी. "आज बारा," तो म्हणे. आठवड्यानं म्हणे, "आज अकरा." मग म्हणे, "थंडी आहे ना, म्हणून." त्याच्या जिभेचं टोक लहान पोरासारखं दातांत धरलेलं असे. ती जेवण गरम करता करता पाठमोरी उभी राही आणि वाटाणा चिनीमातीवर पडल्याचा आवाज येतो का, याकडे तिचे कान लागलेले असत. आवाज आला की तिला त्याचा राग येई. तिलाही हे चमत्कारिक वाटे. त्यानं एकदा तरी वाडगा भिरकावून द्यावा, म्हणावं की हे काही होत नाही, असं तिला वाटे. पण तो कधी भिरकावत नव्हता. डॉक्टरांनी सहा महिने म्हटलं होतं ना, तर सहा महिन्यांचा माणूस जितक्या श्रद्धेनं वाटाणे वेचेल तितक्या श्रद्धेनं तो वेचत होता.

डिसेंबरात एकदा तिनं चाचपून पाहिलं. "ऑरेस्ट, तुला काय वाटतं, कधी सुरू झालं हे सगळं?"

त्यानं चिमटीतला वाटाणा टेबलावर ठेवला. "मला वाटायचं की फार दिवस झाले. पण तू म्हणालीस सहा महिने. तुला त्यातलं कळतं. माझंच डोकं तेव्हा ठिकाणावर नसेल."

एखाद्याची अडीच वर्षं काढून घेता येतात आणि तो ती देऊनही टाकतो, पुन्हा वर स्वतःच्याच डोक्याला दोष देतो. तिला बोलायचं होतं. ती म्हणाली, "सूप घेतोस का?"

फेब्रुवारीत तपासणीला गेले तेव्हा बाहेर उणे सव्वीस होतं. डॉक्टर फ्रीझननी त्याला बटणं लावायला सांगितली, चिमटीत नाणं उचलायला सांगितलं, रेघेवरून चालायला सांगितलं. मग फिल्म दिव्यासमोर धरून बराच वेळ पाहिल्या. मज्जारज्जू मोकळी होती, सुंदर मोकळी.

"मला जरा कोडंच आहे," ते म्हणाले. "सहा महिन्यांचा इतिहास असताना हात यापेक्षा बरेच सुधारायला हवे होते." मग ते नेटीकडे वळले, ऑरेस्टच्या डोक्यावरून, आपल्या माणसाशी बोलावं तसे. "घरी व्यायाम नियमित होतो ना? आणि, विचारावं लागतं म्हणून विचारतो, पिणं वगैरे नाही ना पुन्हा?"

ऑरेस्टनं तिच्याकडे पाहिलं. त्याच्या नजरेत तक्रार नव्हती. तो नुसता वाट बघत होता, ती आता काय म्हणेल त्याची. आणि ती जे म्हणेल ते तो मान्य करणार होता. गरज पडली तर पुन्हा त्या तळघरात उभा राहून प्यालो म्हणणार होता.

"तो पीत नाही," नेटी म्हणाली. "तेव्हाही पीत नव्हता. अडीच वर्षं झाली होती डॉक्टर, सहा महिने नव्हे. मी चुकीचं सांगितलं."

डॉक्टरांनी फाइलमधला कागद काढला. तिचाच होता तो; खाली कोपऱ्यात तिची आद्याक्षरं होती. "पण इथं तर..."

"ते मी सांगितलं म्हणून तसं आहे. यानं तुम्हाला बरोबर सांगितलं होतं."

डॉक्टरांनी कागद परत फाइलमध्ये ठेवला. सभ्य गृहस्थ होते. "ऑपरेशन तेच केलं असतं मी," ते म्हणाले. "त्यात काही फरक नाही. फक्त तुम्हाला एवढी आशा लावली नसती." मग पहिल्यांदाच ते खुर्ची फिरवून ऑरेस्टच्या समोर आले. "मिस्टर हॅवरिलक, मग मला वाटतं, आता जे आहे ते साधारण हेच. वाढणार नाही. पण परतही येणार नाही."

"बरं," ऑरेस्ट म्हणाला. त्यानं हात मांडीवर ठेवले, एकावर एक.

गाडीत हीटर भरभरत होता. पोर्टेज अव्हेन्यूवर सिग्नलला थांबल्यावर तो म्हणाला, "तुला कसं कळलं मी डॉक्टरला खरं सांगितलेलं? तू तर खिडकीशी होतीस."

खोटं तयार होतं. डॉक्टरच म्हणाले होते नंतर कधी तरी, असं म्हणता आलं असतं. तिनं ते म्हटलं नाही. "टेप माझ्याकडे आली होती. पत्र मीच टाईप केलं."

"कधी?"

"ऑपरेशनच्या आधी."

सिग्नल हिरवा झाला. मागच्यानं भोंगा वाजवला. तिनं गाडी काढली.

"म्हणजे वाटाणे," तो म्हणाला. दोन चौक मागे गेले. मग म्हणाला, "प्यायचा आळ घेतलास त्याचं मला काही नाही, नेटी. मी पीत होतो एके काळी, तुला भीती वाटली. ते माझंच पेरलेलं. पण तीन महिने तू जमिनीवरचे वाटाणे उचलत होतीस."

"ऑरेस्ट..."

"उचलून परत वाडग्यात टाकत होतीस, मी अजून वेचावेत म्हणून."

घराशी आल्यावर ती उतरून त्याच्या बाजूला आली, तोवर त्यानं कोपरानं दार ढकललं होतं. "तिथंच थांब," तो म्हणाला. ती थांबली. काठी टेकत, पाय फरफटत तो पायऱ्यांपर्यंत गेला. पाच पायऱ्या होत्या. प्रत्येक पायरीवर तो दोन्ही पाय आणून उभा राही आणि मग पुढची घेई. वर पोचल्यावर त्यानं दातांनी हातमोजा ओढून काढला, खिशातून किल्ली काढली, ती पडली, कठड्याला धरून वाकून उचलली. तिला कुलपावर किल्लीचं खरखरणं ऐकू येत होतं. तिची किल्ली तिच्या कोटाच्या खिशात होती आणि तिची मूठ तिच्याभोवती वळलेली होती. श्वासाची वाफ तिच्या पापण्यांवर गोठत होती.

शेजारची लुईझ बर्फ ओढत होती. ती फावडं टेकून म्हणाली, "ऑरेस्ट, अहो थांबा, मी उघडते."

"उघडा की," तो म्हणाला. "माझे हात चालत नाहीत."

"होतील हो हळूहळू बरे. आत्ता कुठं ऑपरेशन झालंय."

"नाही," ऑरेस्ट म्हणाला. "आता हेच. डॉक्टरनं सांगितलं. अडीच वर्षं झाली होती, फार उशीर झाला." त्यानं ते अगदी स्वच्छ सांगितलं, आणि त्यात एकही अवघड शब्द नव्हता.

लुईझनं दार उघडून दिलं, तो आत गेला, आणि दार लागलं. पायऱ्या उतरताना लुईझला गाडीमागे उभी असलेली नेटी दिसली, तशी ती दचकली.

"अगं, तू आहेस होय! मला वाटलं, ते एकटेच आलेत."